मोटार अपघात दावा न्यायाधिकरण : सात दशकांची वाटचाल

न्यायाधिकरणातली कुठलीही मयताच्या दाव्याची फाईल उघडा. पहिल्या पानावर एक अख्खे घर भेटते. अर्जदार क्रमांक एक पत्नी, वय तीस-बत्तीस, धंदा घरकाम. क्रमांक दोन आणि तीन मुले, नावांपुढे ‘अज्ञान, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई’. क्रमांक चार मृताची आई. त्याखाली सामनेवाले : गाडीमालक आणि विमा कंपनी. घरातला कर्ता तेवढा या यादीत नसतो. त्याचे नाव आतल्या पानांत, मरणोत्तर पंचनाम्यात सापडते.

सत्तर वर्षांपूर्वी अशा घराला दाद मागायला स्वतंत्र दार नव्हते. मोटार वाहन कायद्यातील १९५६ च्या दुरुस्तीने ते दिले आणि १६ फेब्रुवारी १९५७ पासून ती दुरुस्ती अमलात आली. आता ही व्यवस्था सत्तरीच्या उंबरठ्यावर आहे. त्या निमित्ताने तिचा इतिहास लिहिण्याचे काम आपल्या बारच्या स्मरणिका समितीने आमच्याकडे सोपवले. न्यायाधिकरणाचे काम एकट्यादुकट्याने उभे राहिलेले नाही. म्हणून इथे आपल्यापैकी कोणाचे नाव घेतलेले नाही, आणि ज्यांचे नाव राहिले असे वाटेल, ते सगळे त्यात आहेतच.

पूर्वपीठिका : १९५६ पूर्वी

दुसऱ्याच्या चुकीने माणूस दगावला, तर त्याच्या वारसांना भरपाई मागता यावी यासाठीचा कायदा आपल्याकडे १८५५ साली झाला. रस्त्यावर मोटार येण्याच्या कितीतरी आधीचा हा कायदा. पुढे तोच मोटार अपघातांनाही लागू पडत राहिला. पण त्याखाली नेहमीचा दिवाणी दावा लावावा लागे. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात मुद्रांक लावायचा, तारखांमागून तारखा घ्यायच्या, चालकाचा हलगर्जीपणा शाबीत करायचा, आणि एवढे करून हुकूमनामा झाला तरी दरखास्तीत वसूल काय होणार? चालकाकडे पगाराशिवाय काही नसे. मालकाकडे असलीच तर अपघातात मोडलेली गाडी असे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला. दुसरे महायुद्ध मध्ये आले आणि विम्याचे प्रकरण प्रत्यक्षात लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. पैसे देणारा सापडला, पण त्याच्यापर्यंतची वाट अजून दिवाणी न्यायालयातूनच जात होती. दरम्यान १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. गावोगावचे लोक मोटारीत बसू लागले, मालट्रक वाढले आणि रस्त्यावरची मरणेही वाढली.

१९५७ ते १९६६ : मुहूर्तमेढ

दुरुस्तीने कायद्यात कलम ११० आणि त्यापाठोपाठ ११०-अ ते ११०-फ ही कलमे आली. राज्य सरकारने राजपत्रातील अधिसूचनेद्वारे न्यायाधिकरणे स्थापावीत, त्यांनी संक्षिप्त चौकशी करून निवाडा द्यावा, विमा कंपनीने किती रक्कम द्यायची हे त्याच निवाड्यात ठरवावे आणि त्यावरचे अपील थेट उच्च न्यायालयात जावे, अशी ही रचना. न्यायाधिकरण जिथे स्थापन झाले, तिथे दिवाणी न्यायालयाचा या दाव्यांवरचा अधिकार संपला. जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा जिल्हा न्यायाधीशच न्यायाधिकरणाचे सदस्य झाले. फर्निचर तेच, शिरस्तेदार तेच. फक्त ‘दावा’ न म्हणता ‘अर्ज’ म्हणायचे आणि ‘हुकूमनामा’ न म्हणता ‘निवाडा’.

सुरुवातीच्या अडचणींत सर्वांत मोठी मुदतीची होती. अर्ज अपघातापासून साठ दिवसांत द्यायचा. या साठ दिवसांत घरात तेरावे आटोपलेले असते, उसनवारीचा हिशेब सुरू असतो आणि पोलीस ठाण्यातून पंचनाम्याची नक्कल मिळालेली नसते. न्यायाधिकरण नावाचे काही आहे हेच पुष्कळांना मुदत टळल्यावर कळे. विलंबमाफीचा अर्ज हाच त्या काळी कित्येकांचा पहिला अर्ज असे.

दुसरी अडचण रकमेची. मालट्रकच्या बाबतीत विमा कंपनीची जबाबदारी एकूण २०,००० रुपयांपुरतीच होती. त्यावरची रक्कम मालकाकडून वसूल करायची म्हणजे पुन्हा जुनेच दुखणे. तरीही पहिल्या पिढीतल्या वकिलांनी, कारकुनांनी आणि न्यायाधीशांनी या नव्या कामाची घडी बसवली. अर्जाचे नमुने हाताने लिहून दिले, पुरसिस, म्हणजे न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन, कशी द्यायची ते पक्षकारांना बसवून समजावले. त्यांचे ऋण मोठे आहे.

१९६७ ते १९७६ : मुदत आणि मालकी

१९६९ च्या दुरुस्तीने बऱ्याच गोष्टी सुकर केल्या. २ मार्च १९७० पासून मुदत साठ दिवसांवरून सहा महिन्यांवर गेली. त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचे दावेही न्यायाधिकरणाकडे आले. मालट्रकच्या विम्याची मर्यादा ५०,००० रुपये झाली.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले. अनेक खासगी कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. सामनेवाला क्रमांक दोन कोण, हे शोधायला पूर्वी निम्मा दिवस जाई. मग ते चार नावांपैकी एक असे. एसटी महामंडळाचा मामला वेगळा. कायद्याने राज्य परिवहन उपक्रमांना स्वतःचा निधी ठेवून विम्यातून सूट मिळवता येते, त्यामुळे तिथे सामनेवाला एकच आणि पैसेही त्याच्याच तिजोरीतून.

याच सुमारास विमा कंपन्यांची बाजू मांडणारे आणि अर्जदारांची बाजू मांडणारे असे आपल्या वकील मंडळींचे दोन गट पडले. बोर्डाच्या, म्हणजे रोजच्या कामयादीच्या, वाटपावरून आणि तारखांवरून काही काळ मतभेद झाले. वडीलधाऱ्यांच्या मध्यस्थीने ते मिटले, तेव्हा त्यांचा तपशील इथे देण्याचे कारण नाही. सकाळी उलटतपासात एकमेकांवर तुटून पडलेले दोघे दुपारी एकाच टपरीवर कटिंग चहा घेताना दिसत, हीच आपल्या बारची खरी परंपरा.

१९७७ ते १९८६ : ‘चूक कोणाची?’

या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयात मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या मिनू मेहता प्रकरणाचा निकाल लागला (१९७७). चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असे न्यायालयाने बजावले. कायद्याच्या दृष्टीने निकाल तर्कशुद्ध होता, पण न्यायाधिकरणात त्याचा भार पडला तो साक्षीदार नसलेल्या विधवेवर. रात्री दोन वाजता हमरस्त्यावर ट्रकने सायकलस्वाराला उडवले, तर पाहणार कोण?

त्याच काळात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या निकालांनी दुसरी बाजू उचलून धरली. दर्शना देवी प्रकरणात (१९७९) गरीब अर्जदाराला न्यायालयीन शुल्कातून सूट मिळण्याचा मार्ग न्यायाधिकरणातही खुला झाला. एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणात (१९८०) अपघाताच्या परिस्थितीवरून हलगर्जीपणाचे अनुमान काढताना न्यायाधिकरणांनी फार काटेकोर होऊ नये, असे सांगितले गेले. आपल्या अनेक सदस्य न्यायाधीशांनी ते मनावर घेतले. घटनास्थळाच्या पंचनाम्यातील ब्रेकच्या खुणांवरून, काचांच्या तुकड्यांवरून आणि गाडी कुठे थांबली यावरून निष्कर्ष काढण्याची सवय तेव्हा लागली.

मग १ ऑक्टोबर १९८२ पासून कलम ९२-अ आले. चूक कोणाचीही असो, मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायम अपंगत्वासाठी ७,५०० रुपये लगेच मिळू लागले. मुख्य अर्ज चालत राहायचा, हा अंतरिम आधार. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनांच्या बळींसाठीही याच दुरुस्तीने वेगळा निधी केला. मालट्रकची मर्यादा दीड लाखावर गेली. न्यायाधिकरणात प्रथमच ‘चूक कोणाची’ या प्रश्नाआधी घरखर्चाचा प्रश्न विचारला गेला.

१९८७ ते १९९६ : कवठे ते नवा कायदा

२९ ऑक्टोबर १९८७. राष्ट्रीय महामार्ग चारवर, सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ, पहाटे तीनच्या सुमारास पुण्याकडून बंगलोरकडे निघालेला पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा कांद्याने भरलेला ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्ता सोडून सुमारे वीस फुटांवर कलंडला. पेट्रोल झिरपू लागले. उजाडता उजाडता माणसे जमली. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला, आग भडकली, माणसे होरपळली, काही दगावली.

वारसांनी कलम ९२-अ खाली १५,००० रुपये मागितले. टक्कर तीन वाजताच संपली, स्फोट चार तासांनी झाला, तेव्हा हा ‘मोटार वाहनाच्या वापरातून’ झालेला अपघात कसा, असा प्रश्न उभा राहिला. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. कलंडून पडलेला टँकरही वापरातच असतो, आणि टक्कर, गळती, स्फोट ही एकच साखळी आहे, असे ठरले. शिवाजी दयानू पाटील विरुद्ध वत्सला उत्तम मोरे हा निकाल आज देशभरच्या न्यायाधिकरणांत दाखवला जातो. त्याची सुरुवात आपल्या महामार्गावरच्या एका पहाटेने झाली.

दरम्यान नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला होता. कलम ११० चे १६५ आणि १६६ झाले, ९२-अ चे १४० झाले. त्रयस्थाच्या मृत्यू-दुखापतीसाठी विमा कंपनीची जबाबदारी अमर्याद झाली. २०,००० पासून सुरू झालेला मर्यादांचा खेळ इथे संपला. १९९४ च्या दुरुस्तीने चार मोठ्या गोष्टी केल्या. अर्जाची मुदतच उठवली. चूक नसतानाची अंतरिम रक्कम ५०,००० आणि २५,००० केली. चूक सिद्ध न करता ठरावीक तक्त्यावरून पूर्ण भरपाई देणारे कलम १६३-अ आणले. पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असे बंधन घातले. आपल्याकडे तो ‘कॉम्प एए’ नमुन्यात येत असे. किती फाईलींत तो वेळेवर आला, याची चर्चा उत्सवप्रसंगी नको.

सुसम्मा थॉमस निकालाने (१९९४) गुणकाची पद्धत, म्हणजे वार्षिक नुकसान ठरावीक आकड्याने गुणून भरपाई काढण्याची रीत, पक्की केली आणि निवाड्याच्या रकमेचे काय करायचे हेही सांगितले. अज्ञान मुलांचा वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. त्या वेळी वाटले, हे कारकुनी काम वाढले. पण वर्षे गेली आणि न्यायालयातले पैसे सांभाळणाऱ्या नाझरच्या टेबलापाशी अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले-मुली दिसू लागली. हातात शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि आईने ट्रंकेत जपून ठेवलेली, घडीवर फाटलेली ठेव पावती. वडील गेले तेव्हा वय दोन. पैसे हवेत ते आयटीआयच्या किंवा नर्सिंगच्या प्रवेशासाठी. आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी हे अर्ज नेहमी आधी हातात घेतले, त्याची नोंद कुठल्याही रोजनाम्यात नाही. म्हणून ती इथे करत आहोत.

१९९७ ते २००६ : तडजोड, घरकाम आणि लायसन्स

विधी सेवा प्राधिकरण कायदा नोव्हेंबर १९९५ मध्ये लागू झाला आणि लोकन्यायालयांना कायद्याचे पाठबळ मिळाले. सर्वांत जास्त निकाली निघणाऱ्या प्रकरणांत मोटार अपघाताचे अर्ज असत. कंपनीचे अधिकारी, पॅनेलवरील वकील आणि अर्जदार एका टेबलाभोवती बसत. घासाघीस होई, ती कधी कधी भाजी मंडईलाही लाजवी. पण वर्षानुवर्षे तारखा मोजणाऱ्या बाईच्या हाती काही महिन्यांत धनादेश पडे.

२००१ साली लता वाधवा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. आगीच्या दुर्घटनेतील ते प्रकरण होते, पण त्याचा आधार लगेच आपल्याकडे आला. ‘धंदा घरकाम’ या दोन शब्दांपुढे पूर्वी बहुधा शून्य लिहिले जाई. तिथे आकडा येऊ लागला, पुढे वाढत गेला.

चालकाचे लायसन्स खोटे किंवा अपुरे निघाले तर विमा कंपनी सुटायची का, हा वाद बोर्डावर रोजचाच होता. स्वर्णसिंग निकालाने (२००४) वाट घालून दिली : कंपनीने आधी अर्जदाराला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत. मालक आणि कंपनीच्या भांडणात अनाथ पोराने ताटकळू नये, एवढाच त्याचा अर्थ. याच दशकात, २००२ मध्ये, सुमारे ९५ किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला. त्याबरोबर वेगाचे अपघात आले, आणि अर्जांत ‘लेन’, ‘टायर फुटणे’, ‘डुलकी’ असे शब्द दिसू लागले.

२००७ ते २०१६ : तक्ता एक, माप एक

एकाच जिल्ह्यातील दोन न्यायाधिकरणांत सारख्याच प्रकरणांत दुपटीचा फरक पडावा, ही तक्रार जुनी होती. सरला वर्मा निकालाने (२००९) ती पुष्कळशी दूर केली. वयानुसार गुणक ठरला : पंचविशीपर्यंत १८, एकतीस ते पस्तीस वयाला १६, पासष्टीपुढे ५. मृताचा स्वतःचा खर्च अवलंबितांच्या संख्येवरून वजा करायचा : दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश.

जखमींच्या बाबतीत राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने (२०१०) मोठी स्पष्टता आणली. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावरचे अपंगत्वाचे टक्के आणि कमाईतील नुकसानीचे टक्के एकच नसतात. डावा हात गेलेला सरकारी कारकून नोकरीवर राहू शकतो. सुताराचा किंवा चालकाचा डावा हात गेला तर त्याचा धंदाच गेला. या निकालानंतर डॉक्टरांच्या उलटतपासात ‘हा माणूस काय काम करत होता?’ हा प्रश्न पहिला येऊ लागला. आपल्यासाठी तासन्‌तास बाकावर बसून साक्ष देणाऱ्या सर्व डॉक्टरांचे आभार.

याच काळात न्यायालयांचे लक्ष भरपाईच्या पलीकडे, म्हणजे अपघाताच्या आधी आणि लगेच नंतर काय घडते याकडे वळले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्या. के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती नेमली. २०१६ मध्ये जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस आणि दवाखान्याच्या त्रासातून संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने बंधनकारक केली.

२०१७ पासून आजवर : हिशेब आणि पुढे

प्रणय सेठी निकालाने (२०१७) भविष्यातील वाढीचा प्रश्न सोडवला. कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नातही ४० टक्के वाढ धरायची. नव्या पिढीतल्या वकिलांसाठी एक उदाहरण मांडतो. बत्तीस वर्षांचा रिक्षाचालक, महिना कमाई १५,०००, मागे पत्नी, दोन मुले, आई. वर्षाचे १,८०,०००. त्यात ४० टक्के मिळवले की २,५२,०००. चार अवलंबित, म्हणून एक चतुर्थांश वजा : १,८९,०००. गुणक १६. एकूण ३०,२४,०००, आणि वर सहवासहानी, अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा. हा हिशेब आज कुठलाही कनिष्ठ वकील पाच मिनिटांत करतो. त्यातल्या प्रत्येक आकड्यामागे कोणाची तरी वीस वर्षांची लढत आहे.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तीन आणि नव्या दुचाकींना पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा झाला, तोही सर्वोच्च न्यायालयाच्या समितीच्या पाठपुराव्यातून. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढवले. न्यायाधिकरणाशी संबंधित भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. कलम १४० आणि १६३-अ गेली, त्यांच्या जागी चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देणारे कलम १६४ आले. अज्ञात वाहनाच्या धडकेत मृत्यू झाल्यास मिळणारी रक्कम दोन लाख झाली. पोलिसांनी पहिला अहवाल ४८ तासांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा. मात्र १९९४ मध्ये उठलेली सहा महिन्यांची मुदतही परत आली. आपल्या बारच्या सदस्यांनी आता गावोगावच्या कायदेविषयक शिबिरांत ही एक गोष्ट आधी सांगावी, अशी विनंती आहे. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना आहे. तीही सांगावी.

आणि शेवटी पंचनाम्याबद्दल.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. आकडा डोक्यात राहत नाही. पंचनाम्यातला कच्चा नकाशा राहतो. हवालदाराने बॉलपेनने काढलेला रस्ता, पूर्वेला विहीर, पश्चिमेला लिंबाचे झाड, अमुक किलोमीटरचा दगड, बाणाने उत्तर दिशा. पुष्कळ वर्षे या कामात काढलेल्यांना तो दगड ओळखीचा होतो. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या घरांच्या फाईलींत तोच दगड, तेच वळण, साइडपट्टीला तोच खड्डा. निवाडा होतो, धनादेश निघतो, फाईल दप्तरखान्यात जाते. वळण तिथेच राहते. चूक चालकाची होती की वळणाची, हे निवाड्यात बहुधा विचारलेच जात नाही.

आता पोलीस अपघाताची नोंद जागेवरूनच मोबाइलवर करतात. त्या केंद्रीय नोंदप्रणालीची सुरुवात ज्या सहा राज्यांत झाली त्यांत महाराष्ट्र होता. सदोष रस्त्याबद्दल ठेकेदार आणि रचनाकाराला दंड करण्याची तरतूदही कलम १९८-अ मध्ये आली आहे. आपल्या दप्तरखान्यात सात दशकांचे नकाशे आहेत. ते काढून, वळणांची यादी करून दरवर्षी जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ठेवावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे मांडला आहे. काम कनिष्ठ वकील आणि विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी करणार आहेत, कपाटाच्या किल्ल्या नाझर देणार आहेत. पुढच्या एखाद्या वर्षी बोर्डावर एक ओळखीचा दगड दिसला नाही, तर त्या वर्षीचा वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे समजू.